आयर्विनला पाणी किती?

आत्याच्या मैत्रिणीचा फोन खरं तर दुसऱ्याच कामासाठी आला होता. तिच्या नातीला पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून जागा हवी होती, कर्वेनगरच्या आसपास, शक्यतो जेवणासकट. ते बोलून झाल्यावर मी सहज विचारलं, "आत्याकडे होते का चक्कर?" पलीकडून जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "नाही गं जात आता. मागं गेले होते, तिच्यासाठी भडंग घेऊन. चांगली दोन तास बसले. डेपोतल्या सगळ्या जुन्या गप्पा काढल्या, आमच्या त्या साहेबांची नक्कल करून दाखवली, तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आणि मी जिना उतरून खाली चप्पल घालतेय तोवर वरून आवाज आला. सुनेला विचारत होती, 'माझ्याकडं कुणी येतच नाही का गं?' आता तूच सांग, जाऊन काय उपयोग?"

मी "हं, अवघड आहे खरं" असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. पण ते "काय उपयोग" दिवसभर डोक्यात राहिलं. ऑफिसात, बसमध्ये, रात्री ओटा आवरताना. बाई कोरडी असती तर मी विसरूनही गेले असते. पण हिनं आणि आत्यानं शेजारशेजारच्या खिडक्यांत बसून सगळी नोकरी काढली. आत्याच्या बाळंतपणात डबा हिच्या घरून यायचा. आत्याचे यजमान गेले तेव्हा तेराव्यापर्यंत ही रोज रात्री मुक्कामाला होती. अशा बाईनं विचारलेला प्रश्न खोडून काढायला सोपा नव्हता. आणि आपण कुणाला भेटायला जातो ते थोडंफार त्याच्या लक्षात राहावं म्हणूनच जातो, हेही खरंच. आजाऱ्याला बघून आलो, लग्नाला उभं राहून आलो, मयताला जाऊन आलो. प्रत्येक भेटीची समोरच्याच्या पासबुकात नोंद पडते. "त्या वेळी तू आली होतीस" हे वाक्य आपल्याकडे फार मोलाचं. मग जिच्या पासबुकात आता काही उमटतच नाही, तिच्यासाठी शाई कशाला खर्च करायची?

आत्या सांगलीच्या स्टँडवर एसटीच्या आरक्षण खिडकीत होती. कॉम्प्युटर यायच्या आधीचा काळ. तक्त्यावर जागेच्या आकड्याला पेन्सिलीनं गोल करायचा, पैसे मोजायचे, सुट्ट्यांवरून भांडायचं, आणि हे सगळं मान वर न करता. गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. गणपतीच्या देवळात गेली तरी लोक प्रदक्षिणा घालता घालता विचारायचे, "आक्का, रातराणीला दोन जागा मिळतील का?" आणि ही डोळे मिटून नमस्कार करत उत्तर द्यायची. तिच्या आजाराची सुरुवात नेहमी होते तशीच झाली, म्हणजे कुणाच्या लक्षात न येता. एकाच लग्नात आहेराचं पाकीट दोनदा दिलं, तेव्हा आम्ही हसलो. आमटीत मीठ नाही, मग दुसऱ्या दिवशी खारट, तेव्हा वय झालं म्हणालो. एकदा देवळातून रिक्षा केली आणि वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराच्या दारात जाऊन उतरली. तिथल्या लोकांनी चहा देऊन परत पाठवलं. मग तिचा मुलगा, आमचा दादा, तिला मिरजेला घेऊन गेला. एमआरआय झाला, रक्त तपासलं, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात वजा करायला लावले. अल्झायमर. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि उठता उठता म्हणाले, "आणि त्यांना माणसांत ठेवा."

गोळ्यांसाठी दादानं सात खणांची डबी आणली. आजवर एक गोळी चुकलेली नाही. दुसऱ्या सूचनेसाठी डबी मिळत नाही, त्यामुळे ती राहून गेली.

कुणी ठरवून काही केलं असं नाही. भिशीत आत्या पैसे मोजायची, पुन्हा मोजायची आणि कुणीतरी पाचशे काढले म्हणायची, तेव्हा भिशी दुसऱ्या घरी भरू लागली. भजनी मंडळाचा वार बदलला आणि तो तिला कळवायचा राहिला. पत्रिकेवर "सहकुटुंब सहपरिवार" असायचं, पण फोनवर वहिनीला हळूच सांगितलं जायचं, "आत्यांना एवढ्या गर्दीत दगदग नको हं." आणि खरं सांगायचं तर घरच्यांनाही ते बरंच वाटायचं. आलेल्या पाहुण्याकडे बोट दाखवून "ही बाई कोण आणि जाणार कधी?" असं तिनं मोठ्यानं विचारलं की वहिनीनं कुठं बघायचं? माणसाला वेड लागलं तर लपवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. हे वेड नव्हे हे पटलं तरी रीत काही सुटत नाही. आम्ही जपतो, तिला त्रास नको, ती बावरते, असं म्हणत दार हळूहळू लोटलं जातं. मग ब्यूरोतून एक मुलगी ठेवली. मुलगी चांगली होती, वेळेवर अंघोळ घालायची, वेळेवर भरवायची, आणि उरलेल्या वेळात कानात वायर घालून मोबाइल बघायची. तिला तरी काय म्हणणार? तिच्या कामाच्या यादीत गप्पा मारणं लिहिलेलंच नव्हतं. टीव्हीवर मालिकेचा कालचाच भाग पुन्हा लागलेला. समोर खुर्चीत आत्या, हातात रुमाल, रुमालाच्या घड्या घालायच्या, मोडायच्या, घालायच्या.

दुपारी चार वाजता त्या घरात फक्त फ्रिजचा आवाज यायचा.

पाचच्या पुढे मात्र वेगळंच सुरू व्हायचं. उन्हं उतरली की आत्या उठायची, पर्स काखेत मारायची आणि दाराशी उभी राहायची. "चला, सुटायची वेळ झाली. घरी जायचंय." घरातच आहोत हे सांगून उपयोग नसायचा. या आजारात संध्याकाळी अशी घालमेल अनेकांना होते, डॉक्टर मंडळींना ते चांगलं ठाऊक आहे. वहिनीला ते डॉक्टरांच्या आधी ठाऊक झालं. आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, जी तिनं मला मैत्रिणीच्या फोननंतर सांगितली. "त्या भडंग घेऊन आल्या होत्या ना, त्या दिवशी आत्या संध्याकाळी दाराशी गेल्याच नाहीत. जेवल्या पण नीट. भात मागून घेतला." मैत्रीण आल्याचं आत्याला आठवत नव्हतं. पण संध्याकाळ सोपी गेली होती.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात यावर नीट प्रयोग झालेला आहे, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. अल्झायमर असलेली १७ माणसं आणि तेवढीच निरोगी माणसं, दोघांना आधी दुःखी आणि नंतर गमतीशीर सिनेमांचे तुकडे दाखवले. काही मिनिटांनी विचारलं, काय पाहिलंत? आजारी माणसांना फारच थोडं सांगता आलं. पण मनात उतरलेलं दुःख किंवा आनंद मात्र तिथंच होता, दृश्य पुसलं गेल्यावरही. आणि ज्यांना दृश्यं सर्वांत कमी आठवत होती त्यांच्यात दुःख जास्त वेळ रेंगाळलं, हे वाचून मी पान मिटून ठेवलं. कारण त्याचा अर्थ सरळ आहे. सकाळी कुणी वसकन अंगावर गेलं तर आत्या ते विसरते आणि दिवसभर कारण न कळता उदास राहते. आपल्याला निदान कारण तरी माहीत असतं, मनातल्या मनात भांडून मोकळं होता येतं. तिला तेही नाही. घटना साठवण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे असतं तो या आजारात लवकर खचतो; भावनांची यंत्रणा त्यामानानं बरीच टिकून राहते. म्हणजे पासबुकात नोंद पडत नाही हे खरं, पण पैसे मात्र जमा झालेले असतात.

सगळीच माणसं अशी जमा करतात असं नाही. आपल्याकडे डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती आणि समज ढासळवणाऱ्या आजाराच्या, माणसाला भेटायला येणाऱ्यांचा एक ठरलेला खेळ आहे. आल्या आल्या जवळ जायचं, हात हातात घ्यायचा, चेहरा चेहऱ्याजवळ न्यायचा आणि विचारायचं, "ओळखलंत का मला?" समोरचं माणूस गोंधळून बघतं. मग पुढची पायरी, "सांगा बघू मी कोण? नीट बघा." घरातली बाकीची मंडळी गोल करून उभी. कुणीतरी हळूच पुरवतं, "अहो, नगरच्या..." आणि परीक्षक हातानंच गप्प करतो, "सांगू नका, त्यांना सांगू दे." आत्याच्या कपाळावर तेव्हा ज्या आठ्या पडतात त्या मी पाहिल्या आहेत. एवढी वर्षं खिडकीत बसून हजारोंना उत्तरं दिलेली बाई, तिला चारचौघांत नापास करून हे लोक चहा पितात आणि जिना उतरताना म्हणतात, "अगदीच संपल्या हो. मला सुद्धा ओळखलं नाही." त्या "मला सुद्धा"त काय ते सगळं आलं. असल्या भेटीनंतर संध्याकाळी पर्स हमखास काखेत जाते. त्यामुळे माणसांत ठेवा म्हणताना कोणत्या माणसांत हेही बघावं लागतं. डीजेच्या लग्नात नेलं आणि माणसांत ठेवलं, असं होत नाही.

याउलट भाजीवाली मावशी. ती हरिपूरकडून येते, वर्षानुवर्षं त्याच गल्लीत. आत्याला बोलता येईना नीट, पैसे कळेनात, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं पाहिलं आणि पाटी उतरवून जिना चढून वर यायला लागली. ती कधीच विचारत नाही, मी कोण. सरळ म्हणते, "आक्का, मेथी आणलीया. कवळी हाय. बसायचं का निवडायला?" खाली वर्तमानपत्र पसरायचं, दोघी मांडी घालून बसायच्या. मी एकदा समोर बसून पाहत होते. आत्यानं जुडीचा दोरा सोडला, तो फेकला नाही, बोटाला गुंडाळून बाजूला ठेवला, पूर्वीपासूनची सवय. मग एकेक काडी उचलायची, शेंड्याकडून पान ओढायचं, पिवळं पान दिसलं की अंगठ्यानं खुडून डावीकडे. हात अडखळतच नव्हते. मेथीचा तो कडवट ओला वास आणि बोटांच्या टोकांना लागलेली माती. मावशी तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होती, आत्या मध्येच "मग तू काय म्हणालीस?" म्हणायची. तिसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा मावशीनं तिसऱ्यांदा तितक्याच तिखटपणे सांगितलं, उलट तिला तर परत सांगायला बरंच वाटत होतं. सुनेची तक्रार एका ऐकणाराला तीनदा सांगायला मिळणं ही काय कमी चैन आहे?

टॉम किटवूड नावाचे एक ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ब्रॅडफर्डला होते. त्यांनी नव्वदच्या दशकात हेच लिहून ठेवलं की माणूस ढासळतो तो निव्वळ मेंदू झिजल्यामुळे नाही. त्याच्या डोक्यावरून आपापसात बोलणं, लहान मुलासारखं चुचकारणं, हातातलं काम काढून घेणं, त्याच्या बोलण्याकडे काही म्हटलंच नाही असं दुर्लक्ष करणं, यातूनही तो ढासळत जातो. हे करणारे दुष्ट नसतात, बहुतेकदा जीव लावणारेच असतात, हेही त्यांचंच म्हणणं. जपानमध्ये २००५ पासून साध्या माणसांना दीड तासाचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली, दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी पोरं, कुणालाही. डिमेन्शिया असलेल्या माणसाशी कसं वागायचं एवढंच शिकवायचं आणि मनगटात नारिंगी कडं द्यायचं. असं शिकलेल्यांची संख्या तिकडे एक कोटीच्या पुढे गेली आहे. आमच्या मावशीच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत, कडं नाही. पण तिला परीक्षेला बसवलं तर ती पहिली येईल.

पत्त्यांची कल्पना मात्र वहिनीची. आधी तिनं आत्याला महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात नेऊन पाहिलं. दोन-चारदा ठीक गेलं. मग एका आजोबांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण डाव बिघडतो हो. आमचीही वर्षं थोडीच राहिलीत." मला राग आला होता तेव्हा, आता तेवढा येत नाही. म्हाताऱ्यांना डिमेन्शियाची भीती आपल्यापेक्षा जास्त वाटते. शेजारच्या खुर्चीत उद्याची आपणच बसलेलो आहोत असं वाटत असताना इस्पिकचा राजा कुणाला सुचेल? तर वहिनीनं घरातच डाव मांडला. समोरच्या घरातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, खालच्या मजल्यावरच्या आजी आणि ती स्वतः. चौथी आत्या. खेळ बदाम सात, कारण तो आत्याला लहानपणापासून येतो आणि त्यात जोडीदार नसतो, त्यामुळे कुणी कुणावर चिडायचा प्रश्न नाही. पानं धरायला त्रास व्हायला लागला तेव्हा वहिनीनं एका पट्टीला खाच पाडून त्यात तिची पानं उभी करून दिली. बदामची सत्ती पडली की सुरुवात. आत्याची पाळी आली की सगळ्या थांबतात, कुणी पान सुचवत नाही. हा नियम काकूंनी केला आणि त्या बँकेतल्या असल्यामुळे तो कडक आहे.

एका दुपारी मी होते. आत्यानं तीन वेळा "पास" म्हटलं. इस्पिकची सत्ती कुणीच टाकेना, सगळ्यांची पानं तुंबलेली. खालच्या आजी कळवळून म्हणाल्या, "कुणाकडे आहे ती बया, टाका की!" आत्याचा चेहरा कोरा, खिडकीबाहेर बघतेय. मी उठून तिच्या मागून पाणी आणायला गेले तेव्हा पट्टीत दिसलं, सत्ती तिच्याकडेच होती, अगदी डावीकडे, बाकीच्या पानांपासून जरा लांब सरकवून ठेवलेली. ती विसरली होती, का मुद्दाम अडवून बसली होती? वहिनी म्हणते विसरल्या. काकू म्हणतात, छे, पक्की बनेल आहे, खिडकीतसुद्धा शेवटच्या दोन जागा अशाच दाबून ठेवायची, ओळखीचं कुणी आलं तर. मला अजून ठरवता आलेलं नाही. मला आवडलं ते हे की आत्याच्या एखाद्या चुकीवर अशी दोन मतं पडावीत इतपत ती अजून त्या डावात होती. आजारी माणसाच्या बाबतीत आपण एरवी एवढी उदार शंका घेतच नाही, सगळं काही आजाराच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. अर्थात सगळ्या दुपारी अशा नसतात. कधी ती पानं भिरकावते. कधी खालच्या आजींना चोर म्हणते. मागं एकदा खेळता खेळता रडायला लागली, का ते तिलाही सांगता येईना; काकूंनी पत्ते गोळा केले आणि चौघींनी नुसतीच कॉफी घेतली.

सोबतीनं हा आजार बरा होत नाही, हे बजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे तेलानं, बदामानं आणि मंत्रजपानं तो बरा करणारे पुष्कळ आहेत. शिकागोतल्या संशोधकांनी २००६ मध्ये ८९ वृद्धांच्या मेंदूंची, त्यांच्या मृत्यूनंतर, तपासणी प्रसिद्ध केली होती. हयातीत ज्यांचा नातेवाइकांचा आणि मित्रांचा गोतावळा मोठा होता, त्यांच्या मेंदूत आजाराच्या खुणा इतरांइतक्याच असूनही त्यांची बुद्धी जास्त चांगली चाललेली होती. यावरून मित्र जमवले की मेंदू शाबूत, असा हिशोब मांडता येणार नाही. ज्याचं डोकं चालतं त्याच्याकडे माणसं टिकतात, असंही असू शकतं. पण काहीतरी आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टींची यादी दिली, त्यात माणसांपासून तुटणं आहे आणि ऐकू कमी येणंही आहे. या दोन गोष्टी एकमेकींचा हात धरूनच येतात, हे आम्ही घरात पाहिलं. आत्या उत्तर देत नाही म्हणजे तिला कळलं नाही असं आम्ही धरून चाललो होतो. कान तपासल्यावर निघालं की निम्म्या वेळा तिला ऐकूच येत नव्हतं. मशीन लावल्यावर ती लगेच भांडायला लागली. छोट्या गटात बसवून गप्पा, खेळ, जुन्या वस्तू, गाणी असं करून घ्यायची एक उपचारपद्धत आहे, सात आठवड्यांत चौदा बैठका. इंग्लंडमध्ये २००३ मध्ये तिची रीतसर चाचणी झाली, थोडा पण खरा फायदा दिसला. थोडा. पण गोळ्यांचा तरी कुठं फार असतो? भारतात साठीच्या पुढची सुमारे ८८ लाख माणसं डिमेन्शियासकट जगताहेत असा अंदाज आहे, त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ना ती गोळी येते ना ती बैठक.

असं काही लिहिलं की कुणीतरी म्हणतंच, पूर्वी बरं होतं, वाडे होते, माणसं होती. मी वाड्यात वाढले आहे. आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक म्हातारी होती. तिला सगळे "येडी" म्हणायचे, पोरं तिच्या दारावर खडे मारून पळायची, आणि ती ओरडायला लागली की तिची सून बाहेरून कडी घालायची. भोवती पन्नास माणसं होती. तिच्याजवळ बसलेलं मी कुणाला पाहिलं नाही. त्यामुळे वाड्यासाठी मी गळा काढणार नाही. एक भाजीवाली आणि पत्ते खेळणाऱ्या तिघी मिळून त्या वाड्यापेक्षा जास्त होतात.

आणि ही सोबत एकट्या आत्याची राहिली नाही. मला वाटतं ती आधी वहिनीची झाली. पूर्वी मी फोन केला की वहिनी आत्याचं सांगायची, किती वेळा उठल्या, काय सांडलं, रात्री काय झालं. स्वतःचं काही नाहीच. आता सांगते की काकूंच्या मुलाचं लग्न जमत नाही, खालच्या आजींनी गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं, मावशीच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. आजाऱ्याकडे कुणी येत नाही तेव्हा ते आजाऱ्याला सांभाळणारीकडेही येत नसतं, हे येणाऱ्यांच्या डोक्यात नसतं. "काय उपयोग" विचारणाऱ्या मैत्रिणीला मी आयोवा वगैरे काही सांगितलं नाही, तिला ते आवडलं नसतं. एवढंच सांगितलं की तू गेलीस त्या दिवशी आत्यानं भात मागून घेतला. "भात?" ती म्हणाली, "तिला भात कधीपासून आवडायला लागला?" त्यानंतर ती जाते. नेमानं नाही, तिचेही गुडघे आहेत, नातीची परीक्षा आहे. आल्याची नोंद मात्र आता होते. वहिनीनं कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं गोल करायला सुरुवात केली आहे, आणि कुणी येत नाही का, असं आत्यानं विचारलं की तिला ते पान दाखवते. आत्या आकड्यांवरून बोट फिरवते. म्हणते, "बऱ्याच जागा रिकाम्या आहेत की अजून."

सांगलीत तिच्या मनासारखा ऋतू एकच, तो म्हणजे पावसाळा. घर गावभागात, पहिल्या मजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खालच्या आजींच्या घरात पाणी शिरलं तेव्हा सगळे विश्रामबागेत नातेवाइकांकडे होते. त्यातलं आत्याला काही आठवत नाही, पण ढग भरून आले की ती गॅलरीत खुर्ची मागते. आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "आयर्विनला पाणी किती?" १९२९ सालचा तो पूल, त्यावर कृष्णेची पातळी मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. एरवी एकच प्रश्न दहादा विचारणारी बाई म्हणजे आजारी. पण त्या दिवसांत अख्खी सांगली तोच प्रश्न दहादा विचारत असते. दुकानदार गिऱ्हाइकाला, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला, रिक्षावाला पुलावरून आलेल्या कुणालाही. आत्ताच सांगितलं ना, असं कुणी कुणाला म्हणत नाही, कारण अर्ध्या तासात उत्तर खरंच बदललेलं असतं. मागच्या पावसात मी गेले होते. आत्या गॅलरीत, खाली दूधवाला, काकू त्यांच्या खिडकीत, आणि अलमट्टी धरणावरून वाद रंगलेला. "२८ झालंय, सकाळपासून थांबलंय," दूधवाला वर बघून म्हणाला. आत्यानं मान हलवली. "वाढणार. कोयनेतून सोडलंय." हे ती दरवर्षी, दर पावसाला, ऊन पडलेलं असलं तरी म्हणते. त्या दिवशी कोयनेतून सोडलेलं होतं. दूधवाल्यानं किटली अडकवली. "आक्का म्हणतात तर म्हशी हलवलेल्या बऱ्या," म्हणाला, कारण त्याचा गोठा कर्नाळ रोडला आहे, आणि गाडीला किक मारली.